डेट्रॉईटच्या ढोलावर आबांची ओवी

कवठे महांकाळच्या एसटी स्टँडवर मिरजेची गाडी लागली, तेव्हा आबा कंडक्टरला म्हणाले, "पोरगं अमेरिकेला चाललंय, खिडकीची जागा द्या." कंडक्टर तिकिटं फाडता फाडता म्हणाला, "मिरजेपातूर देतो आबा. तितनं फुडं माजी ड्यूटी न्हाई." आजूबाजूचे सगळे हसले, आबाही हसले. आईनं माझ्या कपाळाला भंडारा लावला, इतका की तो डोळ्यांत गेला. मी रडतोय ते त्यामुळं कुणाच्या ध्यानात आलं नाही, बरंच झालं.

गाडी हलली तरी आबा माझ्याशी बोलले नाहीत. आईकडं तोंड करून म्हणाले, "आता झील कोन धरनार?"

तुमच्यापैकी जे आमच्या बाजूचे आहेत त्यांना झील सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. आम्ही धनगर. आमच्या देवापुढं, बिरोबापुढं गजा उभा राहतो, म्हणजे पांढऱ्या कपड्यातल्या माणसांचा गोल, मध्ये मोठा ढोल आणि झांजा. ढोल वाजून थांबतो, मग ओवी गाणारा एक ओळ घेतो. ओळीचं शेपूट मागे उभा असलेला उचलून परत म्हणतो, की गाणारा पुढची ओळ घेतो. ते शेपूट उचलणं म्हणजे झील धरणं. आमच्या गजात ओवी आबांची आणि झील माझी. आवाज फुटायच्या आधीपासून मी त्यांच्या उजव्या खांद्यामागं उभा राहत आलो होतो.

तसं आमच्या घरात जाणं काही नवीन नव्हतं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन आम्ही निघायचो, खाली कृष्णाकाठाला, इस्लामपूरच्या उसाच्या पट्ट्यात. लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, आज ह्याच्या शेतात, उद्या त्याच्या. घोड्यावर भांडी, कोंबड्या, नुकती झालेली करडं. सहा-सहा महिने घराला कडी. पण मृगाच्या आत परत यायचं, हे ठरलेलं. परत न येणारा आमच्यात कुणी झाला नव्हता. मी पहिला.

सांगलीत डिप्लोमा केला, पुण्यात ड्रॉईंग काढली, आणि नव्वदीच्या मध्यावर एका एजंट कंपनीनं मला डेट्रॉईटला नेऊन बसवलं. मोटारींचं शहर म्हणे. पहिलं वर्षभर मी एका मोटारीच्या दाराच्या बिजागरीचं ड्रॉईंग काढत होतो. दार नाही, मोटार नाही, बिजागरी. अपार्टमेंटमध्ये कार्पेट, हीटर, फ्रीज, सगळं होतं. माणूस नव्हता. बाहेर रस्त्यावरसुद्धा माणूस नव्हता, नुसत्या गाड्या. एवढाल्या फॅक्टऱ्या, काचा फुटलेल्या, आत झाडं उगवलेली. मला वाटलं होतं अमेरिकेत सगळं नवंकोरं असतं. इथं तर आमच्या माळापेक्षा जास्त ओसाडी.

शेजारच्या टेबलावर कर्टिस बसायचा. काळा, उंच, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, शिकागोत वाढलेला. एका सकाळी स्नो पडून माझी गाडी चालूच होईना, म्हणून तो मला न्यायला आला. गाडीत बसलो तर टेप चालू. ठक्, ठक्, ठक्, ठक्. एकसारखा ठोका, वर झांजेसारखं काहीतरी, खाली घुमारा. मी बराच वेळ ऐकलं. मग न राहवून विचारलं, "गाणं कधी सुरू होणार?"

तो हसत सुटला. म्हणाला, "मित्रा, हेच गाणं."

मला ते काही पटलं नाही. पण ऑफिसात बिजागरी काढताना माझा पाय टेबलाखाली चालूच होता, आणि तो ठोका मला कुठून ओळखीचा वाटतोय हे कळायला दुपार झाली. आमच्या ढोलावर काठी पडायची जागा तीच होती. जेवायच्या सुट्टीत मी टॉयलेटमध्ये जाऊन तोंड धुऊन आलो. असली वेळ आपल्यातल्या पुष्कळांवर आली असेल, कुणी सांगत नाही एवढंच.

मग कर्टिसनं मला त्या ठोक्याची सगळी कुळकथा सांगितली. त्याला सांगायला लय आवडायचं, आणि मला घरी जायची घाई कधीच नसायची.

शिकागोत एक जुनं गोदाम होतं. तिथं काळी पोरं नाचायला जमायची. काही अशी, की ज्यांना पुरुषच आवडायचे, म्हणून घरातनं हाकललेली. गोऱ्या लोकांनी त्यांच्या आवडीच्या डिस्को गाण्यांच्या तबकड्या मैदानात ढीग घालून फोडल्या होत्या, चेष्टा म्हणून. तर ह्या पोरांनी उरलेल्या तबकड्यांतला फक्त ठेका काढून लांबवला, वर यंत्राचा ढोल लावला, आणि त्या गोदामाच्या, म्हणजे वेअरहाऊसच्या, नावावरनं त्या संगीताला हाऊस म्हणायला लागले. कर्टिस त्या वेळी कॉलेजात होता. आईला अभ्यासाला जातो सांगून जायचा.

त्यातनंच पुढं निघालेल्या अॅसिड हाऊसची गोष्ट त्याहून मजेची. जपानात एक चंदेरी पेटी निघाली होती. एकट्या गिटारवाल्याला सराव करता यावा, म्हणून खालचा जाड सूर ती पेटी वाजवणार. पण तिचा आवाज त्या सुरासारखा निघेचना. कुणी घेईना, कंपनीनं बंद केली, आणि पेट्या जुन्या बाजारात मातीमोल पडल्या. शिकागोच्या काही पोरांनी त्यातली एक आणली. कशी चालवायची ठाऊक नाही. चालू करून नुसत्या तिच्या कळा पिळत बसले. तर ती पेटी ओरडायला लागली, चिरकायला लागली, पाण्यात बुडवल्यासारखी गुरगुरायला लागली. त्यांनी तेच ठेक्यावर चढवलं. कामाला नालायक ठरलेल्या पेटीनं अर्धं जग नाचवलं. इंग्लंडात तर पोरं पिवळ्या हसऱ्या चेहऱ्यांचे शर्ट घालून रानोमाळ जमायला लागली. शेवटी सरकारला कायदा करावा लागला, की एकसारख्या ठोक्यांचं संगीत मोठ्यानं लावून माळावर गोळा व्हायचं नाही. हे ऐकून मी इतका हसलो की कर्टिसला कारण सांगावं लागलं. म्हटलं, हा कायदा आमच्याकडं लागला तर बिरोबाची अख्खी यात्रा आत जाईल.

आणि टेक्नो, त्याचंच भावंड, हे खुद्द डेट्रॉईटचं. मोटारींच्या कारखान्यांत यंत्रमाणसं आली, बापांच्या नोकऱ्या गेल्या. त्या बापांची पोरं रेडिओवर जर्मनीतलं यंत्रांचं संगीत ऐकायची. त्यांनी घरातल्या तळघरात स्वस्तातली यंत्रं जमवली आणि बंद पडलेल्या कारखान्यांसारखा आवाज काढला. कर्टिसचा आजा दक्षिणेतल्या कापसाच्या रानातनं उत्तरेला कामाला आलेला. तो म्हणायचा, "आम्ही पण आलेलेच आहोत. फक्त आम्हाला परत जायला गाव ठेवलं नाही."

एका रविवारी दुपारी तो मला घेऊन गेला. त्याच्या मित्रांनी एका बंद दुकानाचा हॉल भाड्यानं घेतला होता. खिडक्यांना काळा कागद, कोपऱ्यात तबकड्या वाजवायची दोन यंत्रं, आणि भिंतीएवढे स्पीकर. पहिली पंधरा-वीस मिनिटं मी भिंतीला चिकटून उभा. एकच एक ठोका, एकच एक. कंटाळा आला. मग कंटाळ्याच्या पलीकडं काहीतरी सुरू झालं. पाय आपोआप, मग खांदे, मग डोक्यातली बिजागरी गेली, एजंट गेला, व्हिसा गेला. शेजारी कोण नाचतंय ते कळत होतं आणि त्यानं काही फरक पडत नव्हता.

लहानपणी मी आबांकडं कुरकुर करायचो की गजात तासभर एकच ठेका कशाला, कंटाळा येतो. ते म्हणाले होते, "ठेका बदलत न्हाई रं. त्यात हुबा ऱ्हायल्याला मानूस बदलतो." त्या हॉलमध्ये मला ते पहिल्यांदा कळलं. एवढं लांब येऊन कळावं, ह्याचा मला आनंदही झाला आणि रागही आला.

आमच्याकडं पत्रं नव्हती. आई-आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पुण्यात असताना मी आबांना एक टेप घेऊन दिला होता, बॅटरीवर चालणारा. मेंढरांबरोबर घोड्यावर भांड्यांच्या जोडीला तोही हिंडायचा. माझी धाकटी बहीण सुमन, तिनं आबांना शिकवलं होतं, की आपल्याला काही सांगायचं असलं की टेप बंद करायचा, मग लाल बटण आणि चालू करायचं बटण एकदम दाबून बोलायचं. आम्ही एकमेकांना अशा बोलक्या कॅसेटी पाठवायचो. डेट्रॉईटहून पुण्याला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायची, तो सांगलीला पोचवायचा, तिथनं गावाला, आणि तिकडची तशीच उलटी यायची.

एकदा मी बोललो नाही. कर्टिसनं करून दिलेली कॅसेटच पाठवली. एका बाजूला शिकागोचं अॅसिड, दुसऱ्या बाजूला डेट्रॉईट. सुमनला फोन करून सांगितलं, आबांना म्हणावं, हा इथला ढोल, ऐका कसा वाटतो.

पुढं काय झालं ते सुमननं सांगितलं. अॅसिडची बाजू लावली तेव्हा आई भाकरी टाकून धावत आली. म्हणाली, "कुनाची शेळी अडलीया का काय गं?" ती चंदेरी पेटी ओरडत होती. ती बाजू तिथंच संपली. दुसरी बाजू मात्र आबांनी नीट मांडी घालून ऐकली. डोळे मिटून, मान हलवत. ढोल वाजतोय, वाजतोय. आबा वाट बघतायत. अर्धी बाजू झाली तरी ओवी येईना. आबांनी डोळे उघडले. "गानारा आलाच न्हाई व्हय गं ह्यांचा?" त्यांचा जीव तुटला. एवढी चांगली वाजवणारी माणसं आणि गाणारा नाही. किती वेळ बिचारी ताटकळत वाजवत बसलीयत.

मग त्यांनी टेप बंद केला, तोंडावर पाणी मारलं, लाल बटण आणि चालू करायचं बटण एकदम दाबलं, आणि सुंबरान मांडलं, म्हणजे देवांचं स्मरण करत ओवीला सुरुवात केली.

कॅसेट माझ्याकडं परत आली. मी अपार्टमेंटमध्ये एकटाच होतो. दुसरी बाजू लावली. डेट्रॉईटचा ठोका चालू होता, आणि तो मध्येच कापला गेला. क्षणभर खरखर. मग आबा. बिरोबाला, मायाक्काला, खंडोबाला, सगळ्यांना हाका घालत घालत आबा ओळीवर आले. ओळ पुरी केली आणि थांबले.

थांबले म्हणजे जागा सोडली. माझ्यासाठी. झील धरायला जेवढी लागते बरोबर तेवढी. मला तोंडच उघडता आलं नाही. तेवढी जागा तशीच गेली आणि आबांनी पुढची ओळ घेतली, जशी काही मी झील धरलीच होती. पुन्हा ओळ, पुन्हा जागा. मी कार्पेटवर बसून सबंध ओवी गप ऐकली.

पुढच्या रविवारी फोन लावला. आबा कवठ्याच्या बूथवर येऊन बसले होते. फोनमध्ये ते नेहमी मेंढरांना हाकल्यासारखे बोलायचे. "ऐकलीस? लय शानी मानसं हायती तुजी. मी सूर लावला, तशी ती गप झाली. माजी ओवी हुईपातूर कुनी काठी टाकली न्हाई. आन् सपल्यावर लावून बघतोय तर परत सुरू. असं शिस्तीचं वाजवनारं आपल्यात बी न्हाईत गड्या."

आता त्यांना काय सांगणार, की लाल बटण दाबलं की खालचं पुसलं जातं? मी म्हटलं, "व्हय आबा. तुमचा मान राखला त्यांनी."

"आन् झील?"

"यात्रेला येतो. तिथंच धरतो."

"ये मंग," ते म्हणाले. "आवाज ठेवलाय तुज्यासाटी." मी त्याच आठवड्यात चैत्राच्या यात्रेचं तिकीट काढलं.

कर्टिसला ती कॅसेट ऐकवली. त्याला एक अक्षर कळत नव्हतं. पण तिसऱ्या ओळीनंतर त्यानं विचारलं, "हा मध्ये मध्ये कुणाची वाट बघतोय?" मी म्हटलं, माझी. घरी नेऊन त्यानं ती मोठ्या हेडफोनवर ऐकली आणि मला बोलावून घेतलं. म्हणाला, "तुझ्या बापाचा टेप स्वस्तातला आहे. नीट पुसत नाही. जिथं तो थांबतो तिथं ऐक." मी कानाला लावलं. रिकाम्या जागेत, लांब कुठंतरी, माळाच्या पल्याड वाजावा तसा डेट्रॉईटचा ठोका चालू होता. ती माणसं गप झाली नव्हती. हळू वाजवत होती.

माघात सुमनचा फोन आला. इस्लामपूरच्या बाजूला, कुणाच्या तरी ऊस तुटलेल्या खोडव्याच्या रानात मेंढरं बसवलेली असताना आबा सकाळी उठलेच नाहीत. घोड्याला खरारा करायला ते उठले नाहीत म्हणून आई बघायला गेली. घरी नाही, दारी नाही, परक्याच्या रानात. आई फोनवर एवढंच म्हणाली, "वाटंवरच गेलं रं." मी पोचलो तेव्हा कार्य उरकलं होतं. मेंढरं अर्धी विकली होती. टेप घोड्याच्या खोगिराशेजारी ठेवलेला, आत बॅटऱ्या पाझरलेल्या. मला त्या टेपाकडं बघवेना.

यात्रेपर्यंत थांबलो. नोकरीची काळजी वाटत होती, तरी थांबलो. तिथं आमचा गजा उभा राहिला. तुकामामा, आबांचे जन्माचे सोबती, त्यांनी ढोल गळ्यात घेतला, आणि सगळी माझ्याकडं बघायला लागली. तुकामामा म्हणाले, "मांड रं सुंबरान, बिरा. आबाचं पोर हायस तू. तुला न्हाई तर कुनाला येनार?" भंडारा उधळला. काठी पडली. गोल फिरायला लागला. मग ढोल थांबला आणि त्यांनी मला जागा दिली.

मी तोंड उघडलं. मला सगळी शेपटं येत होती. आबांच्या प्रत्येक ओवीचा प्रत्येक शेवट जिभेवर होता. पण सुरुवात एकीचीही येत नव्हती. मी आयुष्यभर त्यांच्या मागं उभा राहिलो होतो. त्यांनी ओळ टाकायची आणि मी उचलायची. ओळ टाकणारा नसेल तर मी काय उचलू? मी तसाच उभा राहिलो, तोंड उघडं टाकून, भर यात्रेत.

तुकामामांनी थोडी वाट बघितली आणि पुन्हा काठी टाकली. मला लाज वाटू नये म्हणून. पुन्हा थांबले, पुन्हा जागा दिली. मी नाही म्हणून मान हलवली. त्यानंतर ते थांबले नाहीत. ढोल नुसता वाजत राहिला, ठक्, ठक्, ठक्, गोल फिरत राहिला, शब्द नाही, सूर नाही. आणि मला कळलं की आबांनी त्या कॅसेटमध्ये काय ऐकलं होतं. त्यांना वाटलेलं खरंच होतं. गाणारा आलाच नव्हता.

परत येताना आई म्हणाली, "ढोल लय येळ वाट बघत हुता." तिनं ते रागानं म्हटलं नाही. म्हणून जास्त लागलं.

आता ह्याला पुष्कळ वर्षं झाली. कर्टिस आईसाठी शिकागोला परत गेला. ते संगीत जगभर गेलं. आता ते विमानतळावर वाजतं, मॉलमध्ये वाजतं. आईही गेली. गावात सुमनच्या घरी उतरतो तेव्हा ती चहा विचारते, जेवायला विचारते, किती दिवस आहेस तेही विचारते. गजात आता आमच्या घरचं कुणी नाही. तुम्ही तिथं राहिलेले मला म्हणता, तुझं काय बाबा, तू सुखात. तुम्ही आलेले म्हणता, गावाचं काय सोडत नाहीस.

कर्टिस म्हणायचा, ह्या संगीताला गाणारा लागत नाही, नाचणारा प्रत्येक जण आपलं आपण गातो. आबा म्हणायचे, गाणारा यायचा राहिलाय. मी तीस वर्षं दोन्ही ऐकतोय. मला आबांचं पटतं.

ती कॅसेट अजून आहे. तिच्यासाठी टेप असलेली जुनी गाडी ठेवलीय, बायको चिडते. रविवारी दुपारी ती काढतो, त्या बंद फॅक्टऱ्यांच्या बाजूला नेऊन लावतो, आणि दुसरी बाजू घालतो. आबा ओळ घेतात, थांबतात. त्या जागेत लांबवर ठोका चालू असतो आणि मी झील धरतो, मोठ्यानं, काचा वर करून. मी धरली की ते पुढची ओळ घेतात. कुणी मला घर कुठं विचारलं तर मी कवठे महांकाळ सांगतो. पण घर तेवढंच आहे, त्यांच्या एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंत.

ओवी संपते. आबा खाकरतात. बटण बंद करायच्या आधी त्यांचा आवाज येतो, वाजवणाऱ्यांना सांगितलेला, "हं, वाजवा रं आता." आणि त्याच क्षणी डेट्रॉईट पुन्हा वाजायला लागतं, त्यांच्या शब्दाला मान देऊन. मग बाजू संपेपर्यंत नुसता ढोल असतो. मी बसून राहतो.